पाळलेला अंधार

दिवाळी होऊन तुळशीचं लग्न लागलं की नगरची हवा कोरडी पडते. ओठ फुटतात, खोबरेल तेल बाटलीत गोठतं, आणि संध्याकाळी गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला गेले की माझी मान आपोआप वर जाते. वर बघण्यासारखं फारसं काही नसतं. आमच्या कॉलनीच्या डोक्यावरचं आकाश आता रात्रीसुद्धा विटकरी-राखाडी असतं. डोळे ताणले तर पंधरा-वीस तारे मोजता येतात, त्यातलंही एखादं विमान निघतं. तरी मी कपडे खांद्यावर टाकून दोन मिनिटं उभी राहते. खालून नवरा ओरडतो, "काय गं, आवस जवळ आली वाटतं!"

ही चेष्टा जुनी आहे. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मी दर अमावस्येच्या आसपास चार-पाच दिवस रजा टाकून अकोले तालुक्यातल्या डोंगरात जात असे. सोबत एक काळी पेटी, एक फ्लास्क आणि लाल कागद गुंडाळलेली बॅटरी. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर आपली बायको अमावस्या गाठून डोंगरावर जायला लागली, हे नवऱ्यानं नातेवाइकांत इतकं रंगवून सांगितलं की माझ्या धाकट्या नणंदेनं एकदा खरंच माझ्या पिशवीत लिंबं आहेत का ते चाचपून पाहिलं. तिला काय सांगणार? पत्रिकेत, प्रवासात, खरेदीत सगळं जग जी तिथी टाळतं तीच मला हवी होती. चंद्र नको होता एवढंच.

आमच्या संस्थेची तिथे एका पठारावर छोटी वेधशाळा आहे. एक घुमट, एक खोली आणि पाण्याची टाकी, एवढाच पसारा. तिथे मोठी दुर्बीण बसवावी की नाही हे ठरवायचं होतं, आणि त्यासाठी आधी तिथलं आकाश रात्री नैसर्गिकरीत्या किती उजळ असतं ते एक हिवाळाभर मोजायचं होतं. नैसर्गिकरीत्या म्हणजे माणसाच्या दिव्यांशिवाय. लोकांना वाटतं दिवे नसले की आकाश काळं. तसं नसतं. दिवसभर ऊन प्यायलेली उंचावरची हवा रात्री स्वतः मंद प्रकाशत राहते. ग्रहांच्या वाटेवरची धूळ सूर्याच्या उजेडात पुसट चमकते. जे तारे आपल्याला एकेकटे दिसत नाहीत त्यांचाही मिळून एक साय धरल्यासारखा प्रकाश असतो. हे सगळं मी बीएस्सीच्या पोरांना तीन तास घेऊन शिकवते आणि तरी पेपरात कुणी धड लिहीत नाही. वेधशाळेची राखण करणारे लहानूमामा मात्र पहिल्याच रात्री म्हणाले, "म्हंजे आभाळाचा सोताचा उजेड किती, आन आपन टाकल्याला किती, ह्ये येगळं करायचं. व्हय का न्हाई?" मी म्हटलं, व्हय.

मोजायचं यंत्र पत्त्यांच्या कॅटाएवढं. ते डोक्यावर धरून सरळ आकाशाकडे रोखायचं आणि बटण दाबायचं. यंत्र बारीक आवाजात टिकटिकत राहतं, उजेड गोळा करत राहतं, आणि मग एक आकडा दाखवतं. अंधार जितका दाट तितका त्याला वेळ जास्त लागतो. पहिला आकडा टाकून द्यायचा आणि पुढचे पाच लिहायचे. या मोजपट्टीची गंमत अशी की आकडा जेवढा मोठा तेवढं आकाश काळं. याचं मामांना मोठं अप्रूप. विहिरीला किती परस पाणी आहे ते सांगावं तशा कौतुकानं ते आकडा उच्चारत. त्यांच्या मफलरला पेंढ्याचा वास यायचा. दवानं वहीची पानं ओली व्हायची आणि थंडीत बॉलपेन चालायचं नाही, म्हणून ते पेन्सिलीनं लिहीत. अक्षर सातवीतल्या मुलाचं असावं तसं, पण आकडा कधी चुकला नाही.

मला त्या रात्रींचं सगळंच आठवतं. पायाखालचा खडक रात्री दहापर्यंत कोमट असायचा आणि मग एकदम गार पडायचा. कळसूबाईच्या रांगेचा काळा कणा. पूर्वेला संगमनेरच्या बाजूला क्षितिजावर एक तांबूस फुगवटा, उत्तरेला नाशिकचा त्याहून मोठा. खालच्या भातखाचरात कापणीनंतर उरलेल्या धसाचा ओलसर वास, आणि कुठेतरी रातवा पक्ष्याचं एकसुरी चकचक. अर्धा तास डोळे अंधाराला सरावले की आपल्याच हाताची सावली खडकावर दिसायला लागे, नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी मामांना ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "पडती की. आमाला काय ठावं न्हाई व्हय?"

मामांचं घर वेधशाळेच्या खाली, हाकेच्या अंतरावर. वस्तीत चार-पाच घरं, पण त्यांचं अगदी टोकाला. घराच्या मागे बांध, बांध ओलांडला की गवताचा माळ, आणि त्या बांधाशी संडास. घरातून तिथवर चाळीस-पन्नास पावलं. त्या वर्षी पावसाळ्यात शेजारच्या वाडीतून वाघरानं कुत्रं उचललं होतं. तिकडे बिबट्याला वाघरूच म्हणतात. मग ग्रामसभेत मामांच्या बायकोनं, हौसाबाईंनी, उभं राहून सरपंचांना विचारलं होतं, "आमच्या लेकीबाळींनी रातीचं भाईर जायचं कसं, त्येवढं सांगा आदी. बाकीचं मागून बोला." बाई एरवी मोजकं बोलणारी. त्या दिवशी बोलली, आणि दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या मागच्या अंगणात, घर आणि संडास यांच्या बरोबर मध्ये, सौर दिव्याचा खांब उभा राहिला. वस्तीतला पहिला. हौसाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, ते पुढे कित्येक दिवस खांबावर होतं.

मी पहिल्यांदा गेले ती नेमकी लक्ष्मीपूजनाची अमावस्या. दारादारात पणत्या, आकाशकंदील आणि मागे तो नवाकोरा पांढराशुभ्र दिवा. हौसाबाई अनरशाची ताटली पुढे करत म्हणाल्या, "बाई, आवसेला अंदार नगं म्हनून लोक दिवं लावत्यात, आन तुमी अंदार हुडकत आलाय." मी हसले आणि म्हटलं, आज आकाशाला सुट्टी, लावा काय लावायचे ते दिवे. मला तेव्हा स्वतःच्या मोठेपणाचं फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र मी मास्तरकी केली. चहा घेता घेता मामांना म्हटलं, मोजणीच्या वेळी तेवढा मागचा दिवा झाकता आला तर बरं, तो यंत्राला बाधतो. मामांनी हौसाबाईंकडे पाहिलं. हौसाबाई चुलीत फुंकत होत्या. त्या म्हणाल्या, "झाका की. बाईंचं काम महत्त्वाचं." संध्याकाळी मामा शिडी लावून चढले आणि दिव्याच्या तोंडावर खताचं रिकामं पोतं ओढून सुतळीनं घट्ट बांधून आले. पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन शेतकरी बांधावर उभा राहतो तसा तो खांब दिसायला लागला. मी त्याचा फोटोही काढला, आणि त्या रात्री आकडा काय सुंदर आला.

मला हवं होतं ते रात्रीतून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं, महिन्यातून चार-पाच रात्री. हे मी बोलले नाही. मला वाटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे?

कार्तिकाची अमावस्या गेली. मार्गशीर्षात मामांची लेक सुनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नवरा सिन्नरला कंपनीत कामाला. ती बारावी सायन्स झालेली, त्यामुळे मला मॅडम म्हणायची आणि मी दुपारी जेवायला खाली गेले की वालाच्या शेंगा सोलता सोलता प्रश्न विचारायची. तारे मरतात म्हणजे काय होतं? आपण बघतो तो उजेड जुना असतो हे खरं का? एकदा तिनं विचारलं, "मॅडम, पोटात बाळाला अंधारच असतो का वो सगळा?" मी आपली शिक्षिका. म्हटलं, अगदीच नाही, आईनं पोटावर ऊन घेतलं तर आत तांबूस उजेड पोचतो म्हणतात. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ही अंगणात बाजेवर उन्हात पोट करून बसलेली आणि हौसाबाई तिच्यावर ओरडतायत, "भवळ यील, उठ तितनं." सुनंदानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला ती पोटच्या पोरीसारखी वाटायला लागली होती, हे लिहायला आता संकोच नाही.

वरून, घुमटाच्या कट्ट्यावरून, ते घर सरळ खाली दिसायचं. म्हणजे दिवसा दिसायचं. रात्री साडेसातलाच ते अंधारात बुडून जाई. ना खिडकीत बल्ब, ना दारात कुणाच्या मोबाईलचा उजेड, चुलीचा जाळसुद्धा नाही. मला वाटे, डोंगरातली माणसं, लवकर झोपत असतील. नगरला परत आल्यावर स्टाफरूममध्ये मी हे कौतुकानं सांगितलंही होतं, की बघा, अजून अशी माणसं आहेत, दिवस मावळला की झोपतात, आपल्यासारखी बाराबारापर्यंत मोबाईल चोळत बसत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. शतांश आकड्यापर्यंत अंधार मोजणारी मी, आणि डोळ्यांसमोरचं घर मला वाचता आलं नाही. आठवलं की अजून कान तापतात.

पौषातली अमावस्या फार थंड होती. अकराचं मोजमाप सुरू होतं, यंत्र हातात टिकटिकत होतं, आणि खालून एक आवाज आला. ओरडण्याचा नव्हे. दगड निसटल्याचा, मग काहीतरी जड टेकल्याचा, आणि त्यामागून बांगडी फुटल्याचा. बांगडीचा आवाज एवढ्या लांबून ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं. मामांनी वही टाकली आणि पायवाट सोडून सरळ उतारावरून पळत सुटले. मी मागे, लाल कागदाच्या बॅटरीच्या काजव्याएवढ्या उजेडात ठेचकाळत.

सुनंदा बांधापाशी बसली होती, एक हात पोटावर, दुसरा मनगटाजवळ विचित्र वळलेला. हौसाबाई तिला मागून धरून होत्या. दोघी काळोखात. पायांखालच्या दगडाला दव होतं, तिथे तिचा पाय सरकला होता. वीसेक पावलांवर तो दिव्याचा खांब, तोंडावर पोतं बांधलेला. सुनंदाच्या पोटावरच्या हातात मोबाईल होता. ती त्याची बॅटरी लावायला बघत होती आणि हौसाबाई कुजबुजत होत्या, "नगं लावू गं, जरा दम धर, बाईंचं मोजनं चालू हाय. आपन असंच चाचपत जाऊ."

मी ते वाक्य ऐकलं. मग माझ्याच मोबाईलची बॅटरी लावली, पांढरी, डोळे दिपवणारी, आणि मला वाटतं मी ओरडलेच, "लावा हो! सगळं लावा! घरातले दिवे लावा!" हौसाबाईंनी डोळ्यांवर हात धरला आणि मलाच विचारलं, "तुमची मोजनी, बाई?"

जीप यायला पाऊण तास लागला. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सुनंदाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती रडत नव्हती, सारखी एवढंच विचारत होती की मॅडम, हलतंय का बघा ना. मला तिच्या पोटावर हात ठेवून काही कळत नव्हतं. जीपच्या हादऱ्यांत काय हलतंय आणि काय नाही कसं कळणार? मी खोटंच सांगत होते, हलतंय गं, हलतंय. डॉक्टरीणबाईंनी तपासून बाळाच्या हृदयाचे ठोके आम्हाला ऐकवले. मनगट मोडलं होतं, बाकी सगळं ठीक होतं. एक रात्र ठेवून घेतो म्हणाल्या.

पहाटे दवाखान्याच्या ओट्यावर हौसाबाई आणि मी चहा घेत बसलो. तिथे मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं, अगदी सरळपणे, जसं घरातला एखादा रिवाज सांगावा. मोजणी सुरू झाल्यापासून त्यांनी दिवेलागणीनंतर घरात उजेड केलाच नव्हता. मी असले की नाही आणि मी नसले की हो, असंही नाही. दर महिन्याचा अख्खा अंधारपाख, पौर्णिमेपासून अमावस्येपर्यंत. स्वयंपाक उन्हं असताना उरकायचा, चूल विझवून राख सारायची, जेवण तिन्हीसांजेला. रात्री बाहेर जायचं तर दोघींनी हात धरून जायचं. शेजारच्या घरांनाही त्यांनी सांगून ठेवलं होतं, मागच्या बाजूला दिवा दिसू देऊ नका.

"पण हौसाबाई, मी तर फक्त..."

"गिरान न्हाई का आपन पाळत? त्यात पोटुशी बाईनं बसायचं बी न्हाई आन चिरायचं बी न्हाई. कुनी इचारतं का, का म्हनून? तसंच आमी ह्ये पाळलं." त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "येवढ्या शिकल्याल्या बाई थंडीत राती जागत्यात, त्येंच्या कामात आपला खोडा नगं."

ग्रामसभेत सरपंचांसमोर ठाम उभ्या राहिलेल्या या बाई. स्वतः भांडून मिळवलेल्या दिव्यावर पोतं घालायला त्या 'झाका की' म्हणाल्या, कारण सांगणारी मी होते. त्यांच्या नवऱ्याची नोकरी वरच्या घुमटात, त्या मला नाही कसं म्हणणार होत्या? आणि ज्या रात्री वाघरू हिंडायचं त्याच रात्री मी मामांनाही वर बोलावून घेत होते, पेन्सिल धरायला. दिवा नेला आणि घरातला माणूसही नेला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणू शकते. पण मी विचारलंही नव्हतं.

मी मूळची कर्जतची. आमच्याकडे तेव्हा संडास नव्हता आणि भारनियमन होतं. दहावीच्या वर्षी मला आठवतंय, रात्री लाईट गेली की अख्खं गाव आंधळं व्हायचं आणि नेमकं तेव्हाच पोटात कळ यायची. आई एका हातात कंदील आणि एका हातात डबा घेऊन पुढे, मी तिचा पदर धरून मागे. बाभळींपाशी ती पाठ करून उभी राहायची आणि मोठ्यानं काहीतरी बोलत राहायची, भाजीला काय करायचं, मामा कधी येणार, काहीही, म्हणजे मला भीती वाटू नये. अंधारात बाईनं बाहेर जाणं काय असतं हे मला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. ते शिकून मी पुढे गेले, फिजिक्स घेतलं, नगरला घर बांधलं, आणि एक दिवस शहाण्यासारखी चहा पिता पिता म्हणाले, तो दिवा यंत्राला बाधतो.

त्या तीन महिन्यांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. उत्तम आहेत. पाठ्यपुस्तकात छापावी अशी वळणदार रेघ येते त्यांची. 'नैसर्गिक' या शब्दाखाली मी त्या लिहिल्या होत्या. पण त्यात निसर्गाचा वाटा किती आणि चूल विझवून बसलेल्या त्या माणसांचा किती, हे वेगळं काढणारं यंत्र माझ्यापाशी नव्हतं. मोजणारा माणूस जिथे उभा राहतो तिथला अंधार त्याच्यासाठी कुणीतरी केलेला असू शकतो, ही शक्यता मला कुठल्याच प्रशिक्षणात सांगितली नव्हती. अहवालात मी ती लिहिली. वस्तीतल्या लोकांनी या काळात दिवे बंद ठेवले, त्यांना तसं करावं लागायला नको होतं, आणि ही चूक माझी आहे. संस्थेतल्या एका वरिष्ठांनी फोन करून विचारलं की हे वाक्य अहवालात कशाला. मी म्हटलं, हाही निष्कर्षच आहे.

दवाखान्यातून आम्ही परत आलो त्याच दिवशी दुपारी मी मामांना शिडी आणायला लावली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की बाई, एकच आवस राह्यली. मग काडू." मी ओढणी कमरेला खोचली आणि स्वतः चढले. पन्नाशीची बाई शिडीवर, खाली मामा शिडी धरून, "ओ बाई, पडशाल, उतरा," करतायत. सुतळीच्या गाठी दवानं आणि उन्हानं दगडासारख्या झाल्या होत्या. विळा मागवून कापल्या. पोतं खाली पडलं तेव्हा हौसाबाईंनी ते उचलून झटकलं आणि घडी घालून पडवीत ठेवलं, चांगलं पोतं वाया कशाला घालवा म्हणून.

पुढे शिवरात्रीनंतर आठवड्याभरात सुनंदाला मुलगी झाली. बाळंतपण सुखाचं झालं. आता ती पोरगी शाळेत जाते आणि दर दिवाळीला आजोळी आली की आजोबांच्या फोनवरून मला विचारते, बाई, तुम्ही कधी येणार? मोठी दुर्बीण बसली की नाही, ते संस्थेचं अजून ठरायचं आहे. वस्तीत आता आणखी दोन दिवे आहेत.

पण गच्चीवर उभी राहिले की मला जी रात्र आठवते ती बाळ व्हायच्या आधीची, शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीची माघी अमावस्या. मी नेहमीप्रमाणे वर गेले होते. खाली खांबाचा दिवा लागलेला होता. खरं सांगते, डोळ्यांना तो खुपत होता. फार पांढरा, उघडा, चारी बाजूंना सांडणारा. पश्चिमेला ग्रहांच्या वाटेवरच्या धुळीच्या उजेडाचा तो पुसट शंकू त्या दिवसांत संध्याकाळी फार सुरेख दिसतो, त्याची कड त्यानं खाऊन टाकली होती. मामा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "जाऊन घालू का पोतं? धा मिन्टाचं तर काम हाय. मोजून झालं की काडतो."

दहा मिनिटं. हिशोब बरोबर होता, मीच दिवाळीत सांगायला हवा होता तो. पण नऊ महिने भरलेल्या बाईला कोणत्या दहा मिनिटांत उठावं लागेल, हे आम्ही दोघं वर बसून कसं ठरवणार? मी म्हटलं, "नको मामा. आहे तसं मोजू."

मी यंत्र डोक्यावर धरलं आणि बटण दाबलं. टिकटिक सुरू झाली. तेवढ्यात खालचं मागचं दार उघडलं. सुनंदा बाहेर आली, एकटी. मनगटाला अजून पट्टी, अंगावर आईची शाल. उंबऱ्याशी थांबली, एक हात कमरेवर ठेवून पाठ ताणली. मग चालायला लागली, पाय फाकवत, जड, सावकाश, त्या पांढऱ्या उजेडातून. ज्या दगडावर ती पडली होती तो तिनं वळसा घालून टाळला. तिला तो दिसत होता. संडासात गेली. दार लागलं. हातातली टिकटिक थांबली होती. दार उघडलं. परत येताना ती खांबाखाली थांबली आणि मान वर करून आमच्या दिशेनं बघितलं. उजेडातून तिला आम्ही दिसणं शक्यच नव्हतं. तरी तिनं पट्टीचा हात वर केला.

माझ्या शेजारी मामांच्या पेन्सिलीचा आवाज येत नव्हता. तेही तिकडेच बघत होते. मग भानावर येऊन त्यांनी वही गुडघ्यावर सरळ केली.

"बाई, आकडा?"

यंत्रावरचा आकडा केव्हाच विझला होता. मी तो पाहिलाच नव्हता.

"थांबा, मामा," मी म्हटलं. "आधी ती आत जाऊ दे."